न वटणाऱ्या हुंड्या

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचें लेखन निकृष्ट असतें, ही तक्रार आम्ही शिक्षक नेहमींच करतों. पण तें निकृष्ट कशानें होतें याचा विचार क्वचितच करतों. शुद्धलेखनाच्या चुका हें त्याचें कारण खास नव्हे. त्या दाखवितांच दुरुस्त होतात.

गेल्या सत्रांत केशवसुतांवरील निबंधांचा गठ्ठा मजकडे तपासण्यास आला होता. जवळजवळ प्रत्येक निबंधांत केशवसुत ‘युगप्रवर्तक’ होते, ‘क्रांतिकारक’ होते, आणि ‘आधुनिक मराठी कवितेचे जनक’ तर सर्वांच्याच मतें होते. यांतील एकही विधान खोटें नाहीं. पण तें विद्यार्थ्याचें नव्हे, बाजारांतील मार्गदर्शिकेचें आहे. अशीं विशेषणें म्हणजे परक्याच्या पेढीवरील हुंड्या. वटविण्यास जावें तों पेढी बंद! क्रांति झाली ती कशांत? १८९३ मधील ‘तुतारी’नें जुन्या रूढींवर चढविलेल्या हल्ल्यांत, कीं इंग्रजी सॉनेटाचा चौदा चरणांचा बंध मराठींत आणण्यांत? पहिल्या प्रश्नास समाजाचा इतिहास चाळावा लागतो, दुसऱ्यास वृत्त आणि यमक. हा भेद ज्यास करतां आला त्याचा अर्धा निबंध तेथेंच झाला. अर्थात् दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाहीं. ‘केशवसुत हे युगप्रवर्तक कवि होते, चर्चा करा,’ असा प्रश्न आम्हीच घालतों. विशेषण पानांत वाढून ठेवावयाचें आणि तें खाल्लें म्हणून रागवावयाचें!

एक निबंध मात्र निराळा होता. भाषा खडबडीत, परिच्छेद विस्कळीत. पण त्या विद्यार्थ्यानें लिहिलें होतें कीं, ‘तुतारी’च्या आरंभीं कवि तुतारी मागत आहे, म्हणजे ती अद्याप त्याच्या हातीं नाहीं. ही कविता मी पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहें. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. आणि तरीही मीं त्यास सफाईदार पण पोकळ निबंधांहून कमी गुण दिले.

पुढें मनास चुटपुट लागली, तेव्हां त्यास बोलावून घेतलें. आरंभ या एका निरीक्षणापासून कर, असें सुचविलें. प्रत्येक विधानापुढें समासांत ‘कशावरून?’ असें लिहावयाचें. उत्तरादाखल कवितेंतील शब्द दाखवितां आला नाहीं तर तें वाक्य खोडावयाचें. दुसऱ्याचें मत घेतलें तर त्याचें नांव सांगावयाचें. शेवटीं सर्व निबंध एखाद्या मित्रास मोठ्यानें वाचून दाखवावयाचा, कारण डोळा ज्या अडखळीवरून घसरून जातो ती जिभेस तत्काळ लागते.

आठ दिवसांनीं दुसरा खर्डा आला. सात पानांचीं चार झालीं होतीं, ‘युगप्रवर्तक’ कोठेंच नव्हता, आणि तुतारी मागावी लागणाऱ्या कवीचा आवेश व त्याचें एकाकीपण यांचा संबंध त्यानें आपल्या परीनें लावून दाखविला होता. त्याचे गुण मात्र तोंवर कार्यालयांत नोंदले गेले होते.