देवदूतांची उतरंड

ख्रिस्ती देवदूतांच्या नऊ श्रेणी प्रसिद्ध आहेत. परंतु ही मांडणी बायबलात एकत्र अशी कोठेच आढळत नाही. यशयाच्या दर्शनात सहा पंखांचे सराफीम आहेत, यहेज्केलाच्या दर्शनात चार मुखांचे करूबीम आहेत, आणि पौलाच्या नावावरील पत्रांत राजासने, स्वामित्वे, आधिपत्ये व अधिकार ही नावे ओझरती येऊन जातात. देवदूत केव्हा निर्माण झाले, याविषयी तर उत्पत्तीचे पुस्तक मौनच पाळते. ऑगस्टीनने पहिल्या दिवसाच्या प्रकाशात त्यांची निर्मिती पाहिली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, ईश्वराने काळाच्या आरंभी चिन्मय व देहमय अशा दोन्ही सृष्टी निर्मिल्या, एवढेच सांगितले.

या विखुरलेल्या नावांना आकार दिला तो इ. स. ५०० च्या सुमाराच्या ‘स्वर्गीय श्रेणिव्यवस्था’ या लहानशा ग्रीक ग्रंथाने. कर्ता स्वतःस पौलाचा अथेन्सकर शिष्य डायोनिसियस म्हणवितो. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाल्लाने याविषयी शंका घेतली. १८९५ साली कॉख व स्टिगलमायर या दोन जर्मन पंडितांनी, या लेखकाने ४८५ मध्ये निवर्तलेल्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाचे विचार उचलल्याचे दाखवून दिले. पौलाचा शिष्य अर्थातच निकालात निघाला. मग ग्रंथाचे काय उरते? आमच्या मते, पुष्कळच उरते.

तीन त्रिके अशी: सराफीम, करूबीम, राजासने, स्वामित्वे, सामर्थ्ये, अधिकार, आधिपत्ये, आद्यदेवदूत, देवदूत. प्रकाश वरच्याने घ्यावा आणि खालच्यास द्यावा, हा येथील नियम. श्रेष्ठत्व म्हणजे साठविणे नव्हे, पोहोचविणे होय, ही कल्पना उदात्त आहे यात संशय नाही.

पण नियम एकदा बांधला की तो ग्रंथकारासही बांधतो. यशयाचे ओठ एका सराफाने निखाऱ्याने शुद्ध केले, असे मूळ वचन सांगते. सर्वोच्च श्रेणीने थेट मानवापाशी यावे, हे या उतरंडीत बसत नाही. म्हणून तेराव्या प्रकरणात असाही एक उलगडा पुढे येतो की, आला तो खालचाच दूत. त्याने आपल्या कृतीचे श्रेय तेवढे सराफाकडे दिले. येथे व्यवस्थेसाठी दर्शनाला मुरड घातली आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. यशयाच्या प्रसंगाचे तेज त्या आकस्मिक जवळिकीतच होते.

आश्चर्य हे की, या दोषावरचा उतारा त्याच लेखकापाशी आहे. दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो की, दिव्याला सुंदर रूपकांपेक्षा विसदृश रूपके बरी. कारण सुंदर रूपकाला माणूस सत्य समजून बसतो, किड्याच्या रूपकाने तसा फसत नाही. मग नऊ पायऱ्यांची ही रेखीव उतरंडच सर्वांत फसवे सुंदर रूपक नव्हे काय?

त्याच्या आठव्या पत्रातील कार्पसची कथा आम्हांस याहूनही बोलकी वाटते. रागावलेला कार्पस दोघा पाप्यांचा नाश इच्छितो. दर्शनात ते खोल गर्तेच्या काठी थरथरत उभे असतात. आणि येशू आपल्या स्वर्गीय सिंहासनावरून उठून, त्यांच्यापर्यंत उतरून, हात पुढे करतो. देवदूत साहाय्यास असतात, परंतु मधली एकही पायरी आड येत नाही. ज्याने उतरंड रचली, त्यानेच करुणेच्या क्षणी ती बाजूस सारली!

ग्रीक ‘आंगेलोस’ व हिब्रू ‘मलाख’ यांचा अर्थ निरोप्या एवढाच. पोर्तुगीजांकडून आलेल्या कोंकणी ‘आंज’ या शब्दात तो अर्थ कानाला उमगत नाही. मराठी ‘देवदूत’ मात्र तो उघडपणे सांगतो. दूताची पारख त्याच्या दरबारातील स्थानावरून नव्हे, तर निरोप पोहोचला की नाही यावरून करावी. या ग्रंथाचीही पारख तशीच व्हावी.