कल मोजला की शाळा मोजली?

अमेरिकी सैन्यात अधिकारी सोडून बाकी भरतीसाठी एक परीक्षा द्यावी लागते. तिला ‘अ‍ॅसव्हॅब’ म्हणतात. १९७६पासून तिथली सगळी दलं हीच परीक्षा वापरतात. तिचे गुण दोन दारांवर तपासले जातात.

पहिलं दार भरतीचं. गणिताचे दोन आणि भाषेचे दोन, अशा चार विभागांवरून १ ते ९९ मधला एक आकडा निघतो. हा पर्सेंटाइल, सीईटीमुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलाय. ५० म्हणजे निम्मी उत्तरं बरोबर असं नव्हे. नमुना म्हणून घेतलेल्या अमेरिकी तरुणांमध्ये तुम्ही मध्यावर आहात, एवढंच. दहाच्या खाली असाल तर कायद्यानेच भरती बंद. लष्कराची नेहमीची किमान रेषा ३१.

दुसरं दार कामाचं. इथे विभागांची वेगवेगळी जुळणी करतात. वाहनदुरुस्तीला एक, इलेक्ट्रॉनिक्सला दुसरी. लष्करात वजन ‘जीटी’ला. अधिकारी प्रशिक्षणाला अर्ज करायचा तर साधारणपणे जीटी ११० लागतो. आणि जीटीत असतं काय? शब्दार्थ, उताऱ्याचं आकलन आणि शाब्दिक गणितं.

आता, वशिल्यापेक्षा परीक्षा बरी, हे मला मान्य आहे. जास्त गुणवाल्यांना प्रशिक्षण सोपं जातं, हेही सरासरीने खरं. माझा आक्षेप ‘अ‍ॅप्टिट्यूड’ या नावाला आहे. अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे अंगचा कल. शब्दसंग्रह अंगचा असतो का हो? तो घरात मिळतो, शाळेत मिळतो. नाही तर मिळत नाही.

याचा पुरावा लष्करानेच दिलाय. २०२२मध्ये भरती आटली, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला शिकवणीचे वर्ग सुरू झाले. २१ ते ३० गुणांवर अडलेल्यांना जास्तीत जास्त ९० दिवस शिकवायचं आणि पुन्हा परीक्षेला बसवायचं. बहुतेकांचे गुण वाढले. तीन महिन्यांच्या शिकवणीने वाढतो, त्याला कल कसं म्हणायचं?

सेवेत असलेल्यांना जीटी वाढवून देणारे वर्ग तर त्याच्याही आधीपासून आहेत. म्हणजे हा आकडा शिकवून वाढतो, हे लष्कराला ठाऊक आहे. पण काम ठरतं ते करार होतानाच, त्या दिवशीच्या आकड्यावर. अठरा वर्षांचा गरीब घरातला पोरगा सैन्यात जातो, तो पुष्कळदा हातात हुन्नर यावा म्हणून. बाहेर पडल्यावर पोट भरेल असं काम त्याला शिकायला मिळणार की नाही, हे त्याच्या गावच्या शाळेने आधीच ठरवून टाकलेलं असतं. आणि कागदावर मात्र लिहिलं जातं, की याला या कामाचा कल नाही.

परीक्षा राहू द्या. पण शिकवणी करारानंतर कशाला? थोडक्यात हुकलेल्याला आधी शिकवा, पुन्हा बसवा, मग काम द्या. त्यानंतर जो आकडा येईल त्यावर वाद घालायला मला आवडेल.