‘आदर्श’ रबर आणि १.२६
विजेने रबर कसं ताणलं जातं यावर सिम्युलेशन करायचं असेल, तर झिगांग सुओ यांचा २०१० चा डायइलेक्ट्रिक इलॅस्टोमरवरचा लेख वाचाच. मांडणी फार स्वच्छ आहे. पण त्यातलं ‘आदर्श’ रबर जपून वापरा: कितीही ताणा, परमिटिव्हिटी तीच, असं तिथे गृहीत आहे. वर्तकनगरच्या घरी रात्री दोनला माझ्या कोडमध्ये निओ-हूकियन पडदा दोन्ही दिशांनी १.२६ पट ताणल्यावर अस्थिर झाला. सिद्धांताचाही आकडा तोच, म्हणून मी खूश! अहो, येणारच, गृहीतक दोन्हीकडे एकच. विस्लर आणि मात्सा यांनी २००७ मध्ये व्हीएचबी ४९१० (थ्रीएमची चिकट टेप) मोजली, तर ताणल्यावर परमिटिव्हिटी घटली. ती घट कोडमध्ये घातल्यावर १.२६ येत नाही.