पाच टेनर आणि परमुलखाची गाणी

पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही धर्मग्रामात लग्नाच्या मिस्सावेळी किंवा नाताळच्या कार्यक्रमात एखादा तरुण तारस्वरात गाऊ लागला, की ‘अगदी पावारोत्ती!’ असा अभिप्राय कानी येतो. अभिप्राय देणाऱ्याच्या मनात आवाजाची उंची आणि त्याचा दणका या दोनच गोष्टी असतात. स्वर किती वर गेला आणि तेथे किती वेळ टिकला, यावर गायकाची थोरवी मोजण्याची ही रीत ऑपेराच्या रंगमंचावर एक वेळ चालेल. इटालियन गीतांना तीच फूटपट्टी लावली तर मात्र फसगत होते. या गीतांपुरते बोलायचे तर पाच थोर टेनरांमध्ये पावारोत्तीचा क्रमांक पाचवा लागतो, असे माझे मत आहे. ते पुष्कळांना रुचणार नाही. म्हणूनच ते कारणांसहित मांडायला हवे.

टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज. ऑपेरातील नायक बहुधा याच आवाजात गातो. नायकाचे मोठे एकल गान, ज्याला अरिया म्हणतात, ते आपल्या नाट्यपदासारखे असते: प्रसंग मोठा, वाद्यवृंद मोठा, समोर दोन-तीन हजार श्रोते. परंतु याच टेनरांनी ध्वनिमुद्रिकांवर जी छोटी गीते गायिली, त्यांची जात वेगळी आहे. ती आपल्या भावगीताच्या कुळातील आहेत. पुण्याच्या गजाननराव वाटव्यांनी कविता ज्या आर्जवाने श्रोत्यांपुढे ठेवली, त्या आर्जवाची या गीतांना गरज असते. नाट्यपदाचा गळा भावगीताला जसाच्या तसा चालत नाही, हे मराठी श्रोत्याला निराळे सांगायला नको.

या गीतांचा जन्म कोठे झाला तेही पाहण्यासारखे आहे. ‘ओ सोले मिओ’ १८९८ सालचे. जोव्हान्नी कापुर्रो याच्या शब्दांना एदुआर्दो दि कापुआ याने चाल दिली ती नेपल्सपासून दूर, काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरात, असे सांगतात. ‘कोरे न्ग्रातो’, म्हणजे ‘कृतघ्न हृदय’, हे १९११ सालचे गीत तर न्यूयॉर्कमध्येच तयार झाले. त्याचा संगीतकार साल्व्हातोरे कार्दिल्लो आणि कवी अलेस्सांद्रो सिस्का हे दोघेही तेथे स्थायिक झालेले इटालियन. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत कोटीहून अधिक लोकांनी इटली सोडली, आणि त्यांत दक्षिणेकडच्या गरिबांचा भरणा मोठा होता. त्यांच्या खोल्यांतून, खाणावळींतून, सणासमारंभांतून ही गीते गायिली गेली. वरवर पाहता प्रेयसीला केलेली ही आळवणी. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र तीतून गाव बोलत असे.

आपल्या परिसरातील कुटुंबांना हे समजणे कठीण जाऊ नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. मागोमाग टेल्को, बजाज असे कारखाने आले आणि पुढे ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. आपल्या धर्मग्रामांत वसईचे, नगर जिल्ह्यातले, गोव्याचे, मंगळूर-केरळकडचे लोक शेजारी शेजारी बसतात ते या कारखान्यांमुळे. (आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बनत असे. १९७१ मध्ये तो परवाना संपला. स्कूटर आली, पण तिच्याबरोबर तिच्या देशाची गाणी काही आली नाहीत!) शिवाय यातील बहुतेक गीते प्रमाण इटालियनमध्ये नाहीत, ती नेपल्सच्या बोलीत आहेत. वसईकरांच्या घरातली सामवेदी किंवा वाडवळी आणि शाळेतली मराठी यांत जे अंतर आहे, तसेच काहीसे तेथेही आहे. बोली गाणाऱ्याने तिला व्याकरणाचे इस्त्रीचे कपडे चढवले की ती अवघडून जाते.

पहिला मान एनरिको कारुसो याचा. नेपल्समध्ये १८७३ साली जन्मलेला हा गायक एका यंत्रकारागिराचा मुलगा. अकराव्या वर्षी तोही सार्वजनिक पाण्याची कारंजी बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. आपल्याकडच्या कोणत्याही फिटर-टर्नरला हा आपला वाटावा. बोली त्याची घरचीच होती. त्याच्या मुद्रणांचा काळ लक्षात ठेवून ती ऐकावी लागतात. मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास, तर कारुसो वारला १९२१ मध्ये. म्हणजे तो जन्मभर कर्ण्यात तोंड घालूनच गायिला. १९०४ मध्ये लेओंकाव्हाल्लो याचे ‘मात्तिनाता’ गाताना स्वतः संगीतकार पियानोला बसला होता. त्या खरखरीतून जो गडद, पुरुषी स्वर बाहेर येतो त्याला तोड नाही. ‘कोरे न्ग्रातो’चे १९११ चे मुद्रण ऐकताना वाटते की हा माणूस रडत नाही, जाब विचारतो आहे. त्याच्या अंगी सामर्थ्य आहे, ते तो उधळत नाही. तरीही कर्ण्यापुढे हळू गाण्याची सोय फारशी नव्हती, त्यामुळे गीतातली कुजबुज त्याच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही.

बेन्यामिनो जिल्यी (१८९०–१९५७) हा रेकानातीच्या चर्मकाराचा मुलगा. तेथील कॅथीड्रलच्या गायकवृंदात वाढलेला. आवाज मधाळ, हलका गाताना तर अत्तरासारखा. पण त्याला हुंदक्याचे व्यसन होते. ‘माम्मा’ हे १९४० चे त्याचे अतिशय गाजलेले गीत आईला उद्देशून आहे (शीर्षक वाचून मामाची आठवण होऊ नये). मुलगा घरी परतल्याचा त्यात आनंद आहे. जिल्यी मात्र त्या आनंदातही जागोजागी स्वर फोडून श्रोत्याच्या डोळ्यांतून पाणी काढायला बसतो. आपल्या नाट्यगृहात त्याला खचित चार ‘वन्स मोअर’ मिळाले असते. मीही एखादा दिला असता. दुसऱ्या दिवशी मात्र ते गाणे नव्हे, तो हुंदकाच आठवला असता.

तितो स्कीपा याच्याबद्दल सावकाश लिहायला हवे, कारण आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. हा इटलीच्या टाचेकडील लेच्चे गावचा. गरिबाघरचा हा मुलगा. त्याचा गळा तेथील बिशपांनी हेरला आणि त्याला सेमिनरीत शिकण्याची संधी मिळाली. आवाज लहान. टेनरची प्रतिष्ठा ज्यावर तोलली जाते तो ‘हाय सी’ त्याच्यापाशी जवळजवळ नव्हताच. वाद्यवृंदावर मात करण्याची ताकदही नव्हती. असे असून पुच्चिनीच्या ‘ला रोंदिने’चा नायक १९१७ च्या पहिल्या प्रयोगात त्यानेच रंगवला, आणि सत्तरी ओलांडल्यावरही तो मैफली करीत होता. हे कसे साधले, याचे उत्तर त्याच्या ‘आ वुक्केल्ला’ या गीतात मिळते. तोस्तीची चाल, दान्नुन्त्सिओचे शब्द. विषय एवढासाच, एका मुलीचे किंचित कोमेजलेले ओठ. इतक्या नाजूक गीतावर मोठा आवाज टाकणे म्हणजे जाईच्या फुलावर घागर ओतणे. स्कीपा ते बोलल्यासारखे गातो. व्यंजन नेमके, स्वर मोकळा, आणि दोन शब्दांमध्ये एवढीशी हुलकावणी, जणू पुढचा शब्द त्याला आत्ताच सुचला. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो मींड घेतो ती इतकी बारीक, की शिकवून येणार नाही. लय किंचित मागे ओढतो आणि ओळ संपायच्या आत ती भरून काढतो. त्या तीन मिनिटांत समोर कोणीतरी एकच व्यक्ती बसली आहे, असे सतत जाणवते. आपण ते संभाषण चोरून ऐकतो आहोत.

जुझेप्पे दि स्तेफानो (१९२१–२००८) याच्यापाशी स्कीपाची शब्दांची समज होती आणि आवाजही भरघोस होता. हा सिसिलीचा पोर. तरुणपणी येशूसंघीयांच्या सेमिनरीत होता, धर्मगुरू होण्याचा विचारही त्याने केला होता. १९५० च्या दशकात त्याने केलेली नेपल्सच्या गीतांची मुद्रणे माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकाराचे शिखर आहेत. ‘तोर्ना अ सुर्रिएंतो’, म्हणजे ‘सोरेंतोला परत ये’, हे गीत त्याच्या तोंडून ऐकावे. (या गीताची जन्मकथा मजेदार सांगतात. १९०२ मध्ये पंतप्रधान झानार्देल्ली सोरेंतोला आले असता, गावाला पोस्ट ऑफिस मिळावे या मागणीची त्यांना आठवण राहावी म्हणून दे कुर्तिस बंधूंकडून ते करवून घेतले म्हणे. महानगरपालिकेकडे अर्ज करून थकलेल्यांनी हा मार्ग ध्यानी ठेवावा!) बहुतेक टेनर ‘परत ये’ या आळवणीवर आवाजाचा कळस चढवतात. दि स्तेफानो तेथपर्यंत जाताना शब्दागणिक बदलतो. आरंभी समुद्राचे वर्णन करताना तो नुसता दाखवतो, मग विनवतो, आणि कळसाला येतो तेव्हा त्याच्या स्वराला किंचित चीर जाते. ती चीर जिल्यीच्या हुंदक्यासारखी बसवलेली नसते. उघड्या गळ्याने, काही हातचे न राखता गाण्याची किंमत त्याला मोजावी लागली. पंचेचाळिशीपूर्वीच त्याच्या गळ्याची रया गेली. गायनशिक्षक त्याचे उदाहरण ‘असे गाऊ नये’ म्हणून देतात, आणि तंत्राच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच आहे.

लुचानो पावारोत्ती याची दि स्तेफानोवर अपार भक्ती होती. १९६३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये दि स्तेफानो गाऊ शकला नाही, तेव्हा त्याच्या जागी ‘ला बोएम’मध्ये उभा राहूनच हा मोदेनाच्या बेकरीवाल्याचा मुलगा जगापुढे आला. आवाज म्हणाल तर पाचांत सर्वांत निर्मळ. उन्हात धरलेल्या काचेसारखा. ऑपेरात त्याने दिलेला आनंद मी विसरणार नाही. पण १९७९ मध्ये निघालेला त्याचा नेपल्सच्या गीतांचा संग्रह ऐकताना प्रत्येक गीत सारख्याच तेजाने झळाळते. दुःखाचे, लाडाचे, विरहाचे, सगळे एकाच उन्हात. उत्तरेकडच्या या माणसाच्या तोंडी नेपल्सची बोली स्वच्छ येते, पण ती पाहुणी म्हणून येते. कार्दिल्लोच्या गीतात कारुसो जाब विचारतो, दि स्तेफानो कोसळतो; पावारोत्ती ते सुंदर गातो आणि टाळ्यांची वाट पाहतो.

७ जुलै १९९० ची रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांतील मैफल सर्वांना ठाऊक आहे. पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास असे तिघे एका मंचावर आले, तेही रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या कारेरासच्या संस्थेच्या मदतीसाठी. वाद्यवृंद-संचालक होता आपल्या मुंबईत जन्मलेला, सेंट मेरीज आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेला झुबिन मेहता. त्या रात्री ‘ओ सोले मिओ’मध्ये पावारोत्तीने एका स्वरावर लांबलचक कंप घेतला, आणि दोघा जोडीदारांनी त्याची हुबेहूब नक्कल करून हशा पिकवला. मजा आली हे खरे. पण गीताचे काय झाले? ते तिघांच्या खेळातला चेंडू होऊन बसले.

यावर ‘तीन मोठे गायक एकत्र आले की असेच व्हायचे’ असे कोणी म्हणेल. तर त्याला मराठी रंगभूमीचा दाखला द्यावासा वाटतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन धनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले होते. चुरस होतीच. तरीही दोघांना खाडिलकरांच्या नाटकातील पात्रे उभी करायची होती आणि भामिनी-धैर्यधरांना एकमेकांशी बोलायचे होते. रोमच्या त्रिकुटाला बोलण्यासाठी समोर पात्रच नव्हते. होता तो केवळ श्रोतृसमुदाय आणि त्याच्यामागे कॅमेरा. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, कारुसो गेला त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी. कारुसो आजारी असताना काही काळ सोरेंतोलाच होता, हा योगायोग मनाला चाटून जातो.

आता पुन्हा आपल्या गायकवृंदाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात इटलीतील चर्चमध्ये ऑपेराचा थाट एवढा शिरला होता, की पोप दहावे पायस यांना २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संत सिसिलियेच्या सणाच्याच दिवशी, खास आदेशपत्र काढून त्याला आवर घालावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्याकडे मराठी गीते, भजने आली आणि हा प्रश्न मिटला असे वाटले. तो मिटलेला नाही. तो कराओकेच्या वाटेने परत आला आहे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सीझर फ्रांकचे ‘पानिस आंजेलिकुस’ गाताना आपला तरुण शेवटच्या चढत्या ओळीची वाट पाहत असतो आणि मधले शब्द, जे संत थॉमस अक्वायनस यांचे आहेत, घाईने उरकतो. त्याच्या हाती आपण पावारोत्तीचीच ध्वनिफीत देतो. द्यावी, पण मग १९७८ सालची द्यावी, माँट्रियलच्या नोत्र दाम चर्चमधली. तेथे हेच स्तोत्र तो मुलांच्या गायकवृंदाच्या सोबतीने गातो, आणि मुलांचे आवाज सुरू होतात तेव्हा स्वतःचा आवाज आखडता घेतो. मोदेनाच्या चर्चमध्ये वडिलांच्या शेजारी उभा राहून गायिलेला मुलगा तेथे ओळखू येतो.