असईची लढाई : डावपेच व रणनीती
असई (जि. जालना) येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्याचे खापर मराठ्यांच्या डावपेचांवर फोडणे न्याय्य नाही. वेलस्ली केळणा उतरून बगलेवर येताच पोलमनने कवायती पलटणींची आघाडी तत्परतेने वळविली. इंग्रजांकडील सु. १,६०० सैनिक हताहत झाले. त्यात मोठा वाटा मराठी तोफांचा. उणीव होती ती रणनीतीत. बदनापूरहून २२ सप्टेंबर रोजी वेलस्ली व स्टीव्हन्सन यांनी सैन्य विभागून वेगळ्या वाटा धरल्या. वेलस्लीची ही चाल धोक्याचीच. परंतु विपुल घोडदळ हाताशी असूनही मराठे एकेकाला गाठण्याऐवजी केळणाकाठी तळ देऊन राहिले. यशवंतराव होळकर तर तटस्थच होता.