फ्रीडम ट्रेन : डब्यातले कागद आणि फलाटावरची रांग

आता या गाडीकडे आपण प्रदर्शन म्हणून बघूया. म्हणजे काय मांडलं, आणि काय मांडलंच नाही.

17 सप्टेंबर 1947. फिलाडेल्फियाहून अमेरिकेची 'फ्रीडम ट्रेन' निघाली. 1787 मध्ये याच तारखेला, याच शहरात, त्यांच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या होत्या. पांढरी गाडी, लाल-निळे पट्टे, इंजिनाचा नंबर 1776, पहाऱ्याला मरीन सैनिक. आत जेफरसनच्या हातचा जाहीरनाम्याचा मसुदा, लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा. जानेवारी 1949 पर्यंत गाडी तीनशेहून जास्त गावांत गेली, सुमारे 35 लाख लोकांनी ती पाहिली. आकडा मोठा आहे, वादच नाही.

पण निवड कोणी केली? कल्पना ॲटर्नी जनरल टॉम क्लार्क यांच्या खात्यातली. हेच खातं त्याच वर्षी 'देशविघातक' संघटनांची यादी करत होतं, हे जरा लक्षात ठेवा. गाडी चालवणाऱ्या 'अमेरिकन हेरिटेज फाउंडेशन'चे प्रमुख होते चेस बँकेचे विन्थ्रॉप ऑल्ड्रिच. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मंडळींनी सुचवलेल्या यादीत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा 1935 चा वॅग्नर कायदा होता. चौदावी आणि पंधरावी घटनादुरुस्ती होती, म्हणजे समान संरक्षण आणि मताधिकार. फाउंडेशनने हे सगळं गाळलं. आता बघा, मुक्तीची घोषणा ठेवली आणि त्या मुक्त माणसाला नागरिक करणारे कागद काढले! माझ्या मते या प्रदर्शनाची खरी टीका त्याच्या या रिकाम्या कपाटात आहे. उपकार दाखवायचा, हक्क नाही.

ही गाळलेली गोष्ट मग फलाटावर आली. लँग्स्टन ह्यूज यांनी गाडी निघायच्या सुमारासच कवितेतून विचारलं होतं, की हिच्यातही काळ्यांचा डबा वेगळा असणार का? फाउंडेशनची भूमिका होती, आत सगळे एकत्र जातील. मेंफिसला काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळ्या वेळा हव्या होत्या, बर्मिंगहॅमला वेगळ्या रांगा. दोन्ही ठिकाणचे थांबे रद्द झाले. इथे आयोजकांना श्रेय द्यायलाच हवं, त्यांनी माघार घेतली नाही. पण गंमत अशी, की गाडी जिथे थांबलीच नाही तिथेच ती सगळ्यात जास्त बोलली.

आपल्याकडचा एक धागा सांगतो. 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ऑक्टोबर 1947 मध्ये, गाडी रुळावर असतानाच, डू बॉइस आणि त्यांच्या संघटनेने स्वतःचा अर्ज तिथे दिला. तो कागद गाडीत कुठून असणार!

दुसरी गाडी 1975-76 ची, द्विशताब्दीची. वाफेची इंजिनं, पेप्सी आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांचा पैसा, सत्तर लाखांवर प्रेक्षक. यात मार्टिन ल्यूथर किंग यांचं व्यासपीठ आलं, त्याच गाडीत ज्यूडी गार्लंडचा सिनेमातला पोशाखही. यादी उदार झाली, खरंय. पण आत लोकांना चालायचं नव्हतं, खाली सरकता पट्टा होता. किंगसमोर किती सेकंद उभं राहायचं, ते पट्टा ठरवायचा.