'सियाह हाशिये' आणि वडोदरा : उर्दू कथेतील साक्षीचा प्रश्न

फाळणीच्या रक्तपातावर उर्दूत विपुल कथालेखन झाले. कृष्णचंदर यांच्या 'पेशावर एक्सप्रेस'मध्ये रेल्वेगाडीच निवेदन करते. एका बाजूची प्रेते मोजून झाली की दुसऱ्या बाजूची मोजते. हेतू निर्मळ आहे, परंतु पारडी समान राखण्याच्या धडपडीत माणूस हिशेबातला आकडा होतो. सआदत हसन मंटो यांनी 'सियाह हाशिये' (१९४८) मध्ये हा हिशेबच मांडला नाही. मुहम्मद हसन अस्करी यांनी प्रस्तावनेत याच गुणाचे समर्थन केले. तरक्कीपसंद गोटाला मात्र हा थंडपणा रुचला नाही.

'करामात' पाहावी. पोलिसांच्या झडतीच्या भीतीने एकजण लुटीची साखर रात्री विहिरीत टाकतो, दुसऱ्या पोत्यासह स्वतःही पडतो व मरतो. सकाळी पाणी गोड लागते आणि त्याच रात्री त्याच्या कबरीवर दिवे लागतात. लुटारू, लुटला गेलेला दुकानदार, पोलीस, कोणालाही नाव नाही. दुसऱ्या एका तुकड्यात जमाव सर गंगाराम यांच्या पुतळ्याची विटंबना करतो आणि गोळीबारात जखमी झालेल्याला गंगाराम रुग्णालयातच नेले जाते. वडोदऱ्याच्या वाचकाला येथे उस्ताद फैयाज खाँ यांची मजार आठवेल. बडोदा दरबारच्या या गायकाच्या मजारीवर २००२ मध्ये हल्ला झाला.

पण याच शहरात मंटोंच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. १ मार्च २००२ च्या रात्री बेस्ट बेकरीत १४ जण मारले गेले. २००३ मध्ये येथील जलदगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींना निर्दोष सोडले, कारण बरेच साक्षीदार फिरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला महाराष्ट्रात पुन्हा चालविण्याचा आदेश दिला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले, त्यांपैकी चौघांची शिक्षा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली. तेथे सारा झगडा नावांचाच होता. नाव न घेणे ही मंटोंच्या कथेत नैतिक निवड आहे. भेदरलेल्या साक्षीदाराच्या तोंडी तेच मौन आरोपीच्या पथ्यावर पडते. हा फरक वर्गात स्पष्ट झाला नाही, तर विद्यार्थी 'सियाह हाशिये' केवळ काळा विनोद म्हणून वाचतील. (तसे वाचणारे समीक्षकही कमी नाहीत!)

म्हणूनच मंटोंसोबत राजिंदर सिंह बेदी यांची 'लाजवंती' शिकवावी. पळवून नेलेली पत्नी परतते. पूर्वी मारझोड करणारा सुंदरलाल आता तिला 'देवी' म्हणतो, जपतो. तिला आपल्यावर गुदरलेले सांगायचे असते. तो विषय बदलतो.